हाय-रेझ ऐकायचं की साठवायचं?

लॉसलेस, हाय-रेझ, स्पेशियल ऑडिओ, डॉल्बी अ‍ॅटमॉस. वर्ष-दोन वर्षांपूर्वी हे शब्द हौशी मंडळींच्या तोंडी असायचे, आता ते इअरबड्सच्या खोक्यावर, टीव्हीखालच्या साउंडबारवर आणि गाण्याच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये येऊन बसले आहेत. घरात एक जण सॉफ्टवेअरवाला असला की प्रिंटर अडल्यापासून गीझर बिघडल्यापर्यंत सगळे प्रश्न त्याच्याकडेच येतात, तसा हाही येतो. "अरे, हे जास्तीचे पैसे भरून घ्यायचं का? फरक कळतो का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ऐकण्यासाठी बहुतेकांना गरज नाही, आणि केवळ 'आवाज जास्त चांगला' एवढ्यावर हे फॉरमॅट सामान्य श्रोत्याला जिंकतील असं मला वाटत नाही. पण एक जागा अशी आहे जिथे हेच तंत्रज्ञान आपल्याला आज हवं आहे, आणि नेमकं तिथेच आपण ते वापरत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो, आधी ऐकण्याचं बघू.

आमच्या जोयडा तालुक्यापासून सुरुवात करू. धारवाड आमच्यापासून लांब नाही, आणि धारवाड-हुबळी म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांचा मुलूख. धारवाडचं आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० ला सुरू झालं. दांडेली, हल्याळ, जोयडा या पट्ट्यातल्या आधीच्या पिढीच्या कानावर शास्त्रीय गाणं पडलं ते मुख्यतः रेडिओवरून. मराठीसाठी काटा फिरवून सांगली किंवा पणजी शोधायची. हे सगळं मीडियम वेव्हवर. आता मीडियम वेव्हचा हिशोब असा की दोन केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ, त्यामुळे गाण्यातला साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग आपल्यापर्यंत फारसा पोचतच नाही. तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे झांजेची चमक, तंबोऱ्याची जवारी, गायकाच्या श्वासाची बारीक सळसळ, सगळं वाटेतच गळालेलं. वर पावसाळ्यात वीज चमकली की खरखर. तरीही त्या पिढीला राग ओळखता येत होते, नाट्यपदं पाठ होती आणि कोण गातंय हे दोन सुरांत कळायचं.

मला यातून जुनं ते सोनं असं म्हणायचं नाही. तो आवाज वाईटच होता. मुद्दा एवढाच की गाणं मनात शिरायला जो आवाज लागतो त्याची किमान पातळी आपण समजतो त्यापेक्षा बरीच खाली आहे. एकदा ती ओलांडली की माणूस वेगळ्याच गोष्टी मागतो.

कोणत्या गोष्टी मागतो, हे आजवर जिंकलेल्या फॉरमॅटकडे पाहिलं की दिसतं. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकाला अख्खा राग तेवढ्यात आटपावा लागला. १९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी आली, तिचा आवाजही सुधारलेला होता. पण आपल्या संगीताला तिने दिला तो वेळ. एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त, म्हणजे विलंबित ख्याल निवांत मांडता येऊ लागला.

मग कॅसेट. आवाजाच्या दृष्टीने कॅसेट तबकडीपेक्षा खालची होती, हे कुणीही सांगेल. टेप घासून सूं असा आवाज यायचा, फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. तरीही ऐंशीच्या दशकात तिने आपल्याकडे सगळं उलथून टाकलं. स्वस्त होती, बसमध्ये वाजायची, कुणालाही भरता यायची. तोवर भारतात रेकॉर्ड म्हणजे जवळजवळ एचएमव्हीच. कॅसेट आली आणि गावोगावच्या गायकांना बाजार मिळाला. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरांत, जत्रेजत्रेत पोचला त्यात कॅसेटचा वाटा मोठा. एमपी३ चीही तीच गोष्ट. गाण्यातला कानाला सहसा न कळणारा भाग काढून टाकायचा आणि फाईल दहा-बारा पट लहान करायची. गुणवत्ता कमी झाली, पण हजार गाणी खिशात आली. लोकांनी एका क्षणात सौदा पक्का केला.

याउलट, फक्त चांगल्या आवाजाचं वचन घेऊन आलेल्यांचं काय झालं? १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली, वर्षभरात डीव्हीडी-ऑडिओ. दोन्ही सीडीपेक्षा सरस, दोन्ही हौशी लोकांच्या कपाटाबाहेर पडल्या नाहीत. २०१४ मध्ये नील यंग या नामांकित रॉक गायकाने 'पोनो' नावाचा हाय-रेझ प्लेअर काढायचं ठरवलं. लोकवर्गणीतून ६२ लाख डॉलर जमले, मोठमोठ्या कलाकारांनी त्याची तारीफ केली. किंमत ३९९ डॉलर, गाणी वेगळी विकत घ्यायची. २०१७ मध्ये दुकान बंद. त्याच २०१४ साली एमक्यूए नावाची पद्धत जाहीर झाली, तीही २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते स्पॉटिफायचं उदाहरण. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी लॉसलेस आणणार असं जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅपलने ते जादा पैसे न घेता देऊनही टाकलं. स्पॉटिफायला मात्र सप्टेंबर २०२५ उजाडला. या साडेचार वर्षांत गिऱ्हाईक पळून जायला हवं होतं. झालं उलटंच. २०२० च्या अखेरीला त्यांचे पैसे भरणारे ग्राहक १५ कोटी ५० लाख होते, २०२५ च्या मध्याला २७ कोटी ६० लाख. चांगल्या आवाजासाठी लोक अडून बसले नव्हते.

आता कान आणि गणित. सीडीमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. एवढ्या नमुन्यांत २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरता बसतो, आणि माणसाचा कान वीस हजारांना थांबतो. चाळिशी-पन्नाशीकडे गेलात की त्यातलेही वरचे काही हजार गळालेले असतात. हाय-रेझमध्ये नमुने ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार, बिट २४. कागदावर भारी. २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. हाय-रेझ ध्वनिमुद्रण एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या दर्जाला उतरवून वाजवलं, आणि कोणतं कोणतं ते ओळखायला सांगितलं. ऐकणाऱ्यांत व्यावसायिकही होते आणि हौशीही. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांची बेरीज मांडली, तिथे आकडा ५२.३ टक्के निघाला, आणि ज्यांना आधी ऐकण्याचं शिक्षण दिलं होतं त्यांना जास्त चांगलं जमलं. तेव्हा 'फरक शून्य' असं म्हणायला मी धजणार नाही. फरक असेल, पण तो शोधायला शिकावा लागतो, आणि जो फरक शिकून शोधावा लागतो त्याच्यावर बाजार चालत नाही.

शिवाय आपण ऐकतो कसे? बहुतेक जण ब्लूटूथवर. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. ब्लूटूथच्या नेहमीच्या एसबीसी कोडेकची मजल साधारण ३२८. सुप्याचं धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी नळाला पाणी येणार ते वाटेतल्या सर्वांत बारीक पाइपाएवढंच. फोनमध्ये लॉसलेस चालू आणि कानात ब्लूटूथची नेकबँड, तर तुम्ही लॉसलेस ऐकत नाही आहात, फक्त डेटा खर्च करता आहात. साध्या दर्जाला तासाला शंभर-सव्वाशे एमबी लागतात. सीडीच्या दर्जाला न आकुंचवता ६३५, आणि १९२ किलोहर्ट्झ-२४ बिटला चार जीबीच्या वर. गणेशगुडीच्या पुढे घाटात रेंज शोधत उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून बघा. (आणि कॅसलरॉकचा पाऊस पत्र्यावर कोसळत असताना १६ बिट की २४ बिट हा वाद घालायचा असेल, तर माझा नमस्कार.)

२०१६ चा 'सैराट' आठवा. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत हॉलिवूडमध्ये जाऊन, मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद घेऊन मुद्रित केलं. इतका निगुतीने घडवलेला आवाज मराठीत विरळाच. आणि आपण तो ऐकला कुठे? लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर, रिक्षात, नाहीतर फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर. तरी अख्खा महाराष्ट्र आणि सीमाभाग नाचला. मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही, कारण मुळात नीट मुद्रित झालेलं गाणं वाईट स्पीकरवरही तग धरतं. हा 'मुळात' शब्द लक्षात ठेवा.

अ‍ॅटमॉसबद्दल दोन वाक्यं. त्याचा फरक कळतो, कारण आवाज बाजूने, वरून, मागून येतो, त्यासाठी कान तयार करावा लागत नाही. म्हणून यातलं काही लोकप्रिय होणार असेल तर तेच होईल, सिनेमाच्या निमित्ताने. पण एका मायक्रोफोनपुढे मुद्रित झालेलं जुनं भावगीत ओढून-ताणून सभोवार पसरवलेलं मला तरी सहन होत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी चांगल्या स्पीकरवर किंवा वायरच्या हेडफोनवर करा. तिथे फरक आंधळ्यालाही दिसेल, चुकलो, बहिऱ्यालाही ऐकू येईल. आणि दुकानात डेमो ऐकताना दोन्ही आवाजांची पातळी सारखी आहे का ते बघा. किंचित मोठा आवाज प्रत्येकाला चांगला वाटतो. विकणाऱ्याला हे माहीत असतं.

तरी ज्याला खात्री आहे की आपल्याला कळतं, त्याने चवथीला सगळी भावंडं जमतील तेव्हा ही परीक्षा द्यावी. एक लॉसलेस गाणं घ्या, त्याचीच ३२० किलोबिटची एमपी३ बनवा, दोन्हींची पातळी सारखी ठेवा. दुसऱ्या कुणीतरी नाणं उडवून दहा वेळा यातलं एक लावायचं, तुम्ही पाठ करून ओळखायचं. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात पाचाच्या वर आहे, म्हणून नऊ आल्याशिवाय मिरवायचं नाही. संगणकावर 'फूबार २०००' या फुकट प्लेअरमध्ये याची सोयही आहे.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. ऐकताना जे जास्तीचे बिट वाया जातात, ते मुद्रण करताना अगदी उपयोगाचे असतात. कारण साधं आहे. गाणं तयार झालेलं असलं की त्याची पातळी ठरलेली असते. पण समोर बसलेली आजी ओवी हळू सुरू करेल की मध्येच खड्या आवाजात उचलेल, हे तुम्हाला ठाऊक नसतं. २४ बिट असले की पातळी कमी ठेवून निर्धास्त मुद्रण करता येतं. मोठा आवाज फाटत नाही आणि लहान आवाज नंतर वर उचलता येतो, खरखर न वाढता. डॅटसारखी फीत घरगुती बाजारात आपटली, पण स्टुडिओत आणि संग्रहालयांत तिने वर्षानुवर्षं काम केलं.

आणि आपण काय करतो? घरात कुणी जुनं गाणं म्हणायला लागलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडून माइकचं बटण दाबून धरतो. व्हॉइस नोट बोलण्यासाठी बेतलेली असते. मोनो, कमी बिटांत दाबलेली. त्याहून वाईट म्हणजे फोनवरच्या आवाजासाठी असलेली गोंगाट कमी करणारी सोय. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ती धरून चालते. तंबोरा एकसारखा वाजतो. जात्याची घरघर एकसारखी असते. म्हणजे जात्यावरची ओवी मुद्रित करताना जातंच पुसलं जाण्याची शक्यता. पुढे ती नोट दहा ठिकाणी वेगवेगळ्या अ‍ॅपमधून फिरली की झेरॉक्सची झेरॉक्स. गेलेला आवाज परत आणणारं अ‍ॅप अजून निघालेलं नाही. जे निघतात ते अंदाजाने भरतात.

नीट केलं तर काय होतं याचं उदाहरण पुण्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगणक अभियंता आणि संगीताचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण उभं राहिलं. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण जीवनाच्या डिजिटल संग्रहात त्या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. गाणाऱ्या बायकांची नावं, गावं, सगळं सोबत. त्यांतल्या काही आज नाहीत, आवाज आहे.

आमच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यात, अंकोल्याच्या सुक्री बोम्मगौडा यांना हजारो हालक्की गाणी तोंडपाठ होती. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यापर्यंत निदान मायक्रोफोन पोचला होता. जोयड्यातल्या कुणबी घरांतली शिमग्याची आणि लग्नातली गाणी, सुप्याच्या धरणात गाव बुडाल्यावर रामनगरला येऊन वसलेल्यांच्या घरांतल्या ओव्या आणि आरत्या, यांच्यापर्यंत कोण पोचणार? ती गाणी म्हणणाऱ्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना पद्मश्री मिळणार नाही, त्यांच्या दारात आकाशवाणीची गाडी थांबणार नाही. त्यांच्याजवळ जाणारा फोन तुमच्याच खिशात आहे.

तेव्हा सुट्टीत घरी जाल तेव्हाचं हे टिपण. आयफोन असेल तर व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी 'लॉसलेस' करा. अँड्रॉइडवर 'वेव्ह' फाईल देणारं रेकॉर्डर अ‍ॅप घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असेल तर उत्तम, नसेल तर १६ बिटही चालेल. त्यात गोंगाट कमी करणारी आणि पातळी आपोआप बदलणारी सोय बंद करा. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फ्रिज दुसऱ्या खोलीत. फोन हातात धरू नका. घडी घातलेल्या टॉवेलवर, गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर, तोंडाच्या थोडा बाजूला ठेवा. पातळी दिसत असेल तर काटा उणे बाराच्या आसपास राहू द्या. पहिल्यांदा एक गाणं चाचणीचं म्हणून घ्या, मग अर्धा तास नुसतं चालू ठेवा, मधल्या गप्पांसकट. कुणाकडून शिकली, कधी म्हणायची, हे त्या गप्पांतच येतं. आधी विचारून घ्या मात्र. काही गाणी घराबाहेर न्यायची नसतात आणि 'हे पुढे पाठवू नको' असं त्या म्हणाल्या तर पाठवायचं नाही.

जागेची चिंता नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे तासाला ५१८ एमबी. तो पुण्याचा १२० तासांचा सगळा खजिना या दर्जात ६४ जीबीच्या एका कार्डात मावेल. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'ऑडिओ' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते. एक प्रत गावच्या घरी, एक तुमच्या शहरातल्या घरी.

फाईलचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग ७' ठेवू नका. म्हणणाऱ्याचं नाव, गाव, माहेरचं गाव, तारीख आणि गाण्याचा प्रसंग, एवढं लिहा. माहेरचं गाव विसरू नका, कारण बायकांची गाणी बहुतेकदा तिथूनच आलेली असतात.